भर उन्हाळ्यातला नाताळ : ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा यजमान होताना

ऑस्ट्रेलियात नाताळ येतो तो शाळांचे वर्ष संपताना, बाजारात आंबे आणि चेरी एकाच वेळी आलेल्या असताना आणि अंगणातले गवत उन्हाने पिवळे पडू लागलेले असताना. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला इथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो, त्यामुळे २५ तारखेला मेलबर्नमध्ये सूर्य सकाळी सहाच्या सुमारास उगवतो आणि रात्री पावणेनऊच्या आसपास मावळतो. शुभेच्छापत्रांवरचा बर्फ, शेकोटी, वाफाळती टर्की आणि गरम पुडिंग हे सारे ब्रिटिश वसाहतींबरोबर इथे आले आणि पुष्कळ घरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या भर उन्हाळ्यातही निष्ठेने चालवले. पुढे थंड हॅम, बर्फावर मांडलेली कोळंबी आणि अंगणातली बार्बेक्यू यांनी त्या ताटात हळूहळू जागा मिळवली.

हा लेख मुख्यतः अशा मराठी कुटुंबांसाठी आहे, ज्यांनी इथे काही वर्षे शेजाऱ्यांकडे किंवा सहकाऱ्यांकडे नाताळ साजरा केला आहे आणि आता स्वतःच्या घरी लोकांना बोलवायचे ठरवले आहे. वसई किंवा गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती घरांसाठी हा घरचाच सण आहे. तरीही डिसेंबरच्या गारव्याची सवय असलेल्या त्या घरांनाही इथे बरेच काही नव्याने बसवावे लागते. माझे सांगणे एकच आहे : आधी ऊन बघा आणि मग वेळ, जागा, जेवण आणि पाहुणे ठरवा. हा क्रम पाळला तर पुढची बहुतेक कामे सोपी होतात. उदाहरणे मेलबर्नची आहेत, कारण इथले हवामान मला जवळून ठाऊक आहे. इतर शहरांसाठी लागणारे फरक त्या त्या ठिकाणी दिले आहेत.

वेळ आणि जागा

घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, हा हिशेब मेलबर्नच्या उन्हाळ्यात चालत नाही. घड्याळे एक तास पुढे केलेली असतात आणि शहर आपल्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या थोडे पश्चिमेला आहे, त्यामुळे डिसेंबरअखेर सूर्य माथ्याच्या सर्वांत जवळ येतो तो दुपारी सुमारे १ वाजून २० मिनिटांनी. अतिनील किरणांचा मारा त्या वेळी सर्वाधिक असतो, तर हवेचे तापमान त्यानंतरही चढत राहून तीन ते पाचच्या दरम्यान शिगेला पोहोचते. अंगणात दुपारी एक वाजता पंगत मांडणे म्हणजे पाहुण्यांना नेमक्या वाईट वेळी उन्हात बसवणे होय.

म्हणून तीन पर्याय उरतात. सकाळी नऊला भरपूर न्याहारी ठेवून साडेअकरापर्यंत आटोपणे, हा लहान मुलांच्या घरासाठी उत्तम पर्याय आहे. दुपारचे जेवणच हवे असेल तर ते घरात, पडदे ओढून आणि वातानुकूलन सकाळपासून चालू ठेवून करावे. घर तापल्यावर यंत्र सुरू केले तर पंधरा माणसांच्या गर्दीत ते पुरे पडत नाही. तिसरा पर्याय संध्याकाळी सहानंतर अंगणात बसण्याचा, आणि पहिल्यांदा यजमान होणाऱ्यांना मी तोच सुचवते. उजेड नऊपर्यंत असतो, मुले खेळू शकतात आणि स्वयंपाकघर तापवावे लागत नाही. मात्र इथल्या अनेक कुटुंबांत २५ तारखेचे दुपारचे जेवण आई-वडिलांकडे किंवा सासरी ठरलेले असते. ऑस्ट्रेलियन शेजाऱ्यांना बोलवायचे असेल तर २४ ची संध्याकाळ किंवा २६ तारीख विचारावी, आणि तीही नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत.

जागा निवडताना दिशांचा विचार करावा लागतो. या गोलार्धात सूर्य उत्तरेकडच्या आकाशातून जातो, त्यामुळे दुपारची सावली घराच्या दक्षिणेला पडते; पण डिसेंबरात सूर्य इतका उंच असतो की ही सावली अगदीच तोकडी राहते आणि छत्री किंवा मांडव लागतोच. संध्याकाळी तो नैऋत्येकडे कलत मावळतो, म्हणजे दुपारी सावलीत असलेली दक्षिणेची भिंत सायंकाळी उन्हात येते. संध्याकाळच्या बैठकीसाठी घराच्या पूर्वेची बाजू सर्वांत चांगली. आदल्या आठवड्यात एकदा सहा वाजता अंगणात उभे राहून सावली कुठवर येते ते पाहून ठेवावे आणि खुर्च्या तिथेच मांडाव्यात.

मेलबर्नच्या हवेबद्दल एक गोष्ट विसरून चालणार नाही. देशाच्या आतल्या कोरड्या भागातून उत्तरेचा वारा सुटला की पारा चाळिशीकडे जातो आणि मग नैऋत्येकडून थंड वारा आला की तासा-दीड तासात दहा-पंधरा अंशांनी उतरतो. २०११ च्या नाताळाला तर शहरावर मोठाल्या गारांचा मारा झाला होता. म्हणून हवामान खात्याचा सात दिवसांचा अंदाज १९ तारखेपासून रोज बघावा, अंगणाचा बेत केला तरी सगळी माणसे घरात कशी बसतील हे ठरवून ठेवावे आणि आमंत्रणातच एक उबदार कपडा आणायला सांगावे. ब्रिस्बेनमध्ये घड्याळ पुढे केले जात नाही, त्यामुळे तिथे पावणेसातलाच सूर्य मावळतो. संध्याकाळची बैठक तिथे पाच वाजता सुरू करावी आणि दमट हवेमुळे डासांची तयारी ठेवावी. डार्विनमध्ये हा पावसाळा आणि चक्रीवादळांचा काळ असतो (१९७४ मध्ये ट्रेसी वादळाने ते शहर नेमके नाताळाच्या पहाटे उद्ध्वस्त केले), तेव्हा तिथे छपराखालचा बेतच शहाणपणाचा.

नोव्हेंबर ते डिसेंबरचा दुसरा आठवडा

पाहुण्यांची यादी करताना एकट्या माणसांची आठवण आधी ठेवावी. पुणे-नागपूर-कोल्हापूरहून शिकायला आलेली मुले सुट्टीत खोलीवर एकटी असतात, २५ तारखेला जवळपास सगळी दुकाने आणि बहुतेक खानावळी बंद असतात, आणि शहर इतके शांत होते की घरापासून दूर असल्याची जाणीव त्या दिवशी अधिकच होते. ज्यांचे नातेवाईक जवळ नाहीत अशांना त्या दिवशी घरी बोलावण्याची इथे जुनी आणि फार चांगली पद्धत आहे. तिच्यात आपण मराठी माणसांनी मनापासून भाग घ्यावा असे मला वाटते. महिनाभर आधी सांगितले तर ही मुले कामाच्या पाळ्या बदलून घेऊ शकतात. त्या दिवशी बस आणि रेल्वे कमी धावतात, म्हणून त्यांना कोण घेऊन येणार आणि रात्री कोण सोडणार हेही तेव्हाच ठरवावे.

प्रत्येकाला एकेक पदार्थ आणायला सांगणे इथे रीतीला धरूनच आहे. फक्त कोण काय आणणार हे नावानिशी ठरवावे, नाहीतर पाच जण कोशिंबीर आणतात आणि गोड कुणीच आणत नाही. शाकाहारी, अंडी न खाणारे, गोमांस किंवा डुकराचे मांस वर्ज्य असलेले, शिंपल्या-कोळंबीची किंवा दाण्यांची ॲलर्जी असलेले, अशी विचारपूस आमंत्रणाबरोबरच करावी. भेटवस्तूंसाठी प्रत्येकाने प्रत्येकाला काही देण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून एकाने एकालाच द्यायची ‘क्रिस क्रिंगल’ पद्धत बरी, आणि तिची रक्कम आधी ठरवलेली असावी. चॉकलेट आणि मेणबत्त्या मात्र भेट म्हणून टाळाव्यात. पश्चिमेच्या खिडकीजवळ किंवा गाडीत दोन तास राहिल्या तरी त्यांचा आकार उरत नाही.

भारतातून आई-वडील याच सुमारास येणार असतील तर सामानातल्या प्रत्येक खाद्यपदार्थाची नोंद आगमन-पत्रकात करायला त्यांना आवर्जून सांगावे. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो, पण लपवलेल्याबद्दल मोठा दंड होतो. ताजी फळे, बिया आणि दुधाची मिठाई आणूच नये. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल असा नाताळचा फराळ इथेच करता येतो. तळणीचे काम रात्री उशिरा, खिडक्या उघडून करावे, म्हणजे घर तापत नाही.

सजावट

इथे नाताळाचे झाड म्हणून विकला जातो तो बहुधा रेडिएटा पाइन. तो आणल्यावर बुंध्याची दोन-तीन सेंटिमीटर चकती कापून लगेच पाण्यात उभा करावा, कारण जुना काप चिकाने बंद झालेला असतो. पहिल्या दिवशी झाड भराभर पाणी ओढते आणि उन्हाळ्यात पाणी रोज पाहावे लागते; एकदा कोरडे पडले की सुया गळू लागतात आणि झाड सहज पेट घेऊ शकते. ऊन येणारी खिडकी आणि वातानुकूलनाचा झोत या दोन्हींपासून ते दूर ठेवावे. १० डिसेंबरच्या आधी आणू नये, नाहीतर नाताळापर्यंत ते टवटवीत राहत नाही.

बर्फाचा फवारा आणि कापसाचे थर यांची मला गरज वाटत नाही, कारण निसर्ग या दिवसांत इथे स्वतःच रंग घेऊन येतो. न्यू साऊथ वेल्समधल्या ‘ख्रिसमस बुश’ या झुडपाची गंमत जवळून पाहण्यासारखी आहे : वसंतात त्याला बारीक पांढरी फुले येतात, मग ती गळतात आणि फुलाखालची निदले वाढून डिसेंबरात लालभडक होतात, म्हणजे ज्याला लोक फूल समजून घरात आणतात ते खरे तर फूल सरल्यानंतरचे रूप असते. पश्चिम ऑस्ट्रेलियात याच दिवसांत नुइट्सियाचे झाड केशरी फुलांनी भरून जाते आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवर पोहुतुकावा लाल होतो. फुलवाल्याकडून ख्रिसमस बुशच्या फांद्या आणून उंच भांड्यात ठेवल्या, त्यांच्या जोडीला निलगिरीची पाने लावली आणि दारावर कागदी चांदणी टांगली की घर सणाचे दिसते. ख्रिस्तजन्माचा गोठा मांडणाऱ्यांनी वाळलेल्या गवताजवळ खरी मेणबत्ती न ठेवता बॅटरीचे दिवे वापरावेत.

रोषणाई बघायला जायचे असेल तर मुलांच्या झोपेचा विचार आधी करावा, कारण नऊ वाजेपर्यंत अंधारच पडत नाही. मेलबर्नच्या आयव्हनहो भागातला ‘बुलेव्हार्ड’ रस्ता त्यासाठी प्रसिद्ध आहे. दुपारी मुलांना झोपवून मगच तिकडे जावे. दिवसा बघण्यासाठी बर्क स्ट्रीटवरच्या मायर दुकानाच्या सजवलेल्या खिडक्या आहेत, ज्यांची परंपरा १९५६ पासून चालत आली आहे.

स्वयंपाक

उन्हाळ्यातल्या नाताळाचे जेवण थंड असावे आणि त्यातले बहुतेक आदल्या दिवशी तयार झालेले असावे. त्या दिवशी भट्टी (ओव्हन) पेटवू नये, एवढा नियम पाळला तरी यजमानाला पाहुण्यांत बसता येते.

प्रथम सुरक्षेचे बोलू, कारण ३५ अंशांच्या हवेत अन्न फार लवकर बिघडते. फ्रीज ५ अंश किंवा त्याखाली असावा आणि गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहावा. या दोहोंच्या मधल्या तापमानात पदार्थ दोन तासांपेक्षा कमी राहिला तर पुन्हा फ्रीजमध्ये ठेवता येतो, दोन ते चार तास राहिला तर लगेच खाऊन संपवावा, आणि चार तास उलटले की टाकून द्यावा. अंगणात फार उकाडा असेल तर मी तासाभरातच भांडी आत नेते. पदार्थ एकदम न मांडता निम्मा बाहेर आणि निम्मा फ्रीजमध्ये ठेवून टप्प्याटप्प्याने वाढावा.

घरचा फ्रीज एवढ्यासाठी कधीच पुरत नाही, म्हणून दोन बर्फपेट्या घ्याव्यात, ज्यांना इथे ‘एस्की’ म्हणतात. एक पेयांसाठी आणि दुसरी अन्नासाठी, कारण पेयांची पेटी दर पाच मिनिटांनी उघडली जाते आणि तिच्यातला बर्फ टिकत नाही. पेट्या आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून आतून गार करून घ्याव्यात. बर्फाच्या पिशव्या पेट्रोल पंपावर मिळतात, पण २५ च्या सकाळी त्या संपलेल्या असतात. २४ च्या दुपारीच आणाव्यात.

कोळंबी इथे बहुधा उकडूनच विकली जाते. सालासकट माणशी पाव किलो धरावी, कारण साल-डोके काढल्यावर जवळजवळ निम्मीच उरते. सिडनीचा मासळीबाजार २३ डिसेंबरच्या पहाटेपासून २४ च्या संध्याकाळपर्यंत सलग ३६ तास चालू ठेवण्याची परंपरा आहे, यावरून या दिवसांत मासळीला किती मागणी असते ते ध्यानात येईल. कुठल्याही शहरात आगाऊ सांगून ठेवलेले बरे. आणताना बर्फपेटी बरोबर न्यावी, घरी ओल्या कापडाखाली फ्रीजमध्ये ठेवावी आणि वाढताना बर्फावर मांडावी. लिंबू, मिरपूड आणि पुदिना-कोथिंबिरीची दाटसर चटणी तिच्याबरोबर फार छान लागते. आणखी एक उपयोगी गोष्ट शेजाऱ्यांकडून शिकावी : साले आणि डोकी कचऱ्याच्या डब्यात न टाकता पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि कचरागाडी येण्याच्या आदल्या रात्री बाहेर काढावीत. उन्हात दोन दिवस पडलेल्या कोळंबीच्या सालांचा वास सगळ्या गल्लीला त्रास देतो.

हॅम करणार असाल तर हाडासकटचा, आधीच शिजवून धुरावलेला तुकडा मिळतो. २४ च्या सकाळी वरची जाड कातडी सोलून चरबीवर तिरपे काप द्यावेत, प्रत्येक चौकटीत एकेक लवंग खोचावी, मोहरीची पेस्ट आणि तपकिरी साखर लावून भट्टीत रंग येईपर्यंत ठेवावा आणि गार झाल्यावर फ्रीजमध्ये टाकावा. तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये. व्हिनेगर घातलेल्या पाण्यात पिळून काढलेल्या सुती पिशवीत ठेवावा आणि पिशवी दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा धुऊन भिजवावी. घरात डुकराचे मांस शिजत नसेल तर हॅम नसला म्हणून सणात काहीच उणे पडत नाही.

बार्बेक्यूवर शाकाहारी पदार्थ आधी भाजावेत आणि त्यांचा चिमटा व पात्र वेगळे ठेवावे; सॉसेजची चरबी तापलेल्या तव्यावर पसरली की मग शाकाहाऱ्यांसाठी जागा उरत नाही. मक्याची कणसे, पनीर, ढोबळी मिरची, वांग्याचे जाड काप आणि आधी अर्धवट उकडलेले बटाटे यांवर पोटभर जेवण होते. गॅसचे नळकांडे २० तारखेच्या सुमारास तपासावे, जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघावे आणि भरलेले दुसरे हाताशी ठेवावे.

इथे एक कायद्याची गोष्ट आहे आणि ती गांभीर्याने घ्यावी. वणव्याचा धोका वाढला की राज्य सरकार ‘टोटल फायर बॅन’ म्हणजे संपूर्ण अग्निबंदी जाहीर करते. त्या दिवशी उघड्यावर कोळसा किंवा लाकूड पेटवता येत नाही, म्हणजे कणसे भाजायची आपली शेगडीही बंद. व्हिक्टोरियात गॅसच्या किंवा विजेच्या बार्बेक्यूवर स्वयंपाक करता येतो, पण सभोवती तीन मीटरपर्यंत पेट घेईल असे काही नसावे, पाण्याला जोडलेली नळी किंवा किमान १० लिटर पाणी जवळ असावे आणि एक मोठे माणूस पूर्ण वेळ तिथे उभे असावे. इतर राज्यांचे नियम थोडे वेगळे आहेत. बंदी बहुधा आदल्या दिवशी जाहीर होते, म्हणून २४ च्या संध्याकाळी ‘व्हिक-इमर्जन्सी’ ॲप उघडून बघावे. त्या दिवशी फुलबाजेही लावू नयेत.

गोडात पाव्हलोव्हा हवाच, म्हणजे फेटलेल्या पांढऱ्या बलकाची भाजलेली चकती, जिच्यावर साय आणि फळे घालतात. रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हा १९२६ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आली होती, तिच्या नावाचा हा पदार्थ. तो प्रथम कुणी केला यावर दोन्ही देश अजून वाद घालतात. आठ माणसांसाठी चार अंड्यांचा पांढरा बलक, २२० ग्रॅम बारीक कॅस्टर साखर, दोन चमचे कॉर्नफ्लोर आणि एक चमचा पांढरे व्हिनेगर लागते (इथे चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा). भांड्याला तुपाचा किंवा पिवळ्या बलकाचा थेंबही नसावा. बलक फेटून मऊ शिखरे उभी राहिली की साखर एकेक मोठा चमचा घालत फेटत राहावे, आणि थोडे मिश्रण अंगठा व तर्जनीत चोळून पाहावे : कण लागले तर साखर अजून विरघळलेली नाही आणि तो पाव्हलोव्हा भाजताना पाझरणार. मिश्रण गुळगुळीत लागले की कॉर्नफ्लोर व व्हिनेगर हलक्या हाताने मिसळावे, कागदावर वीस सेंटिमीटरच्या वर्तुळात उंच रचावे, १५० अंशांवर तापवलेल्या भट्टीत ठेवताच आच १२० वर आणावी आणि सुमारे दीड तास भाजावे. मग भट्टी बंद करून दार किंचित उघडे ठेवावे आणि रात्रभर आतच राहू द्यावे. घाईने बाहेर काढल्यास तो खचतो. हे काम २३ किंवा २४ च्या रात्री करावे. फ्रीजमध्ये तो मऊ पडतो, म्हणून हवाबंद डब्यात बाहेरच ठेवावा आणि साय व फळे वाढण्याच्या अर्धा तास आधी घालावीत. ब्रिस्बेनच्या दमट हवेत तर अगदी ऐन वेळी. इथे काही कॉर्नफ्लोर गव्हापासूनही बनते. ग्लुटेन न चालणारे पाहुणे असतील तर मक्याचेच आहे याची खात्री करावी.

अंडी न खाणाऱ्यांसाठी डबाबंद काबुली चण्यांचे पाणी कामी येते. बिनमिठाच्या एका डब्यातले पाणी पाव चमचा क्रीम ऑफ टार्टर घालून आठ-दहा मिनिटे फेटले की बलकासारखे फुलते. मग साखर घालून त्याची मोठी चकती न करता लहान लहान गोळे १०० अंशांवर दीड तास वाळवावेत, कारण मोठा आकार उभा राहत नाही. आंब्याचा हंगाम इथे नेमका याच वेळी असल्याने आम्रखंड हा या सणाला सर्वांत साजेसा मराठी पदार्थ आहे. क्वीन्सलँडचा केन्सिंग्टन प्राइड हापूसपेक्षा वेगळ्या वासाचा आणि थोडा रेषाळ असतो; रस गाळून घ्यावा आणि चक्का रात्रभर फ्रीजमध्ये टांगून काढावा, बाहेर नव्हे. जुन्या पद्धतीचे पुडिंग आवडणाऱ्यांसाठी व्हॅनिला आइस्क्रीममध्ये रम किंवा संत्र्याच्या रसात भिजवलेला सुकामेवा मिसळून वाडग्यात गोठवावा. तो उपडा करून वाढला की पुडिंगसारखाच दिसतो. पिण्यासाठी मठ्ठा, कोकम सरबत आणि भरपूर साधे पाणी. मद्य ठेवणार असाल तर गाडी कोण चालवणार हे आधी ठरवावे. रक्तातील मद्याची मर्यादा ०.०५ आहे, नवशिक्या चालकांना शून्य, आणि या दिवसांत पोलीस जागोजागी तपासणी करतात.

चोवीस तारीख

औषधे, लहान मुलांचे दूध, पेट्रोल, बर्फ आणि पाव सकाळीच आणून ठेवावेत. दुपारी विश्रांती घ्यावी, कारण संध्याकाळी कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, आहेत. १९३७ च्या नाताळाच्या आदल्या रात्री मेलबर्नचे रेडिओ निवेदक नॉर्मन बँक्स यांना घरी परतताना एका खिडकीत एक वृद्ध स्त्री मेणबत्तीच्या उजेडात रेडिओवरच्या कॅरोलबरोबर गाताना दिसली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी अलेक्झांड्रा गार्डन्समध्ये मेणबत्त्यांच्या प्रकाशात सामुदायिक गायन भरवले. त्याला सुमारे १०,००० लोक आले. आज तो कार्यक्रम सिडनी मायर म्युझिक बोलमध्ये २४ तारखेला होतो आणि देशभर दूरचित्रवाणीवर दिसतो. त्याची तिकिटे काढावी लागतात. पण डिसेंबरभर जवळपास प्रत्येक उपनगराच्या उद्यानात पालिका किंवा चर्च विनामूल्य कॅरोल भरवतात, आणि लहान मुलांना तेच अधिक आवडतात. चटई, बुटक्या खुर्च्या, टोप्या आणि बॅटरीच्या मेणबत्त्या घेऊन सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधी जावे. मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाणाऱ्यांसाठी अनेक चर्चमध्ये मध्यरात्रीखेरीज संध्याकाळचीही वेळ असते; ती गर्दीची असते, म्हणून अर्धा तास आधी पोहोचावे.

पंचवीस तारीख

सकाळी लवकर मुलांच्या भेटी उघडून घ्याव्यात आणि दहाच्या आत पडदे व खिडक्या बंद कराव्यात. भारतातून आलेल्या वृद्धांकडे या दिवशी विशेष लक्ष द्यावे. इथले ऊन कोरडे असल्याने घाम जाणवत नाही, तहान लागत नाही आणि अंगातले पाणी कमी होते. ढगाळ दिवशीही अतिनील निर्देशांक चढा असतो. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ मोहिमेने या देशाला जे शिकवले तेच करावे : अंगभर सदरा, सनस्क्रीन, टोपी, आणि पुढे जोडल्या गेलेल्या सावली व गॉगल या दोन गोष्टी. सनस्क्रीन बाहेर पडण्याच्या वीस मिनिटे आधी आणि मग दर दोन तासांनी लावावे; सावळ्या कातडीला ते लागत नाही हा समज सोडून द्यावा. दुपारी दोन ते पाच ही वेळ वामकुक्षीची ठेवावी. पाहुणे आले की प्रथम पाणी, मग बॉनबॉन (दोघांनी दोन टोके ओढून फोडायच्या कागदी नळ्या) फोडून त्यांतले कागदी मुकुट घालणे, मग कोळंबी आणि भाजलेले पदार्थ, आणि ऊन कलल्यावर मुलांसाठी अंगणातले क्रिकेट.

समुद्रावर जायचे ठरले तर सकाळी दहापूर्वी किंवा पाचनंतर जावे आणि जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरावे. नाताळाच्या दिवशी कोणत्या किनाऱ्यावर, किती वाजेपर्यंत गस्त आहे ते आधी बघून ठेवावे; झेंडे नसतील तर पाण्यात जाऊ नये. लाटा फुटत नसलेला, शांत आणि गडद दिसणारा पट्टा सुरक्षित वाटतो, पण आत ओढून नेणारा प्रवाह बहुधा तिथेच असतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे पोहण्याची धडपड न करता तरंगत राहून हात उंच करावा. आपल्यापैकी पुष्कळांना समुद्रात पोहण्याची सवय नाही, म्हणून हे मुलांना आणि पहिल्यांदा आलेल्या विद्यार्थ्यांना वाळूवर असतानाच समजावून सांगावे. मदतीसाठी क्रमांक ०००.

सव्वीस तारीख आणि नंतर

हा दिवस उरलेल्या अन्नाचा आणि क्रिकेटचा. मेलबर्न क्रिकेट मैदानावर बॉक्सिंग डे कसोटी सुरू होते आणि सिडनीहून होबार्टकडे निघणारी, १९४५ पासून चालत आलेली शिडांच्या नौकांची शर्यत दुपारी एक वाजता सुटते. थंड हॅम आणि चटणीचे सँडविच घेऊन दोन्ही घरबसल्या बघता येतात. मैदानावर जाणार असाल तर सावलीतल्या जागा तिकीट काढतानाच शोधाव्यात. कोळंबी आजच संपवावी. हॅमचे हाड फ्रीझरमध्ये ठेवले तर हवा गार झाल्यावर मटारच्या सारासाठी उपयोगी पडते.

झाड ६ जानेवारीपर्यंत ठेवण्याची रीत आहे, पण सुया गळू लागल्या असतील तर तेवढी वाट बघू नये. वाळलेले पाइनचे झाड उन्हाळ्यात घरात ठेवणे धोक्याचे आहे. दिवे आणि तारा काढून फांद्या तोडाव्यात आणि बागेच्या हिरव्या डब्यात टाकाव्यात. बुंधा मोठा असेल तर पालिकेच्या संकेतस्थळावर झाडे गोळा करण्याची तारीख बघून त्या दिवशी तो फुटपाथच्या कडेला ठेवावा.